चौदा राज्यांची वाट एकटीने तुडवणारी आजी

१९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांमधील वृत्तपत्रांत एका वृद्धेची बातमी अधूनमधून झळकू लागली. वय सदुसष्ट वर्षे, अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातून निघून डोंगरांच्या माथ्यामाथ्याने ही बाई एकटीच उत्तरेला मेन राज्याकडे चालली होती. वाटेवरच्या गावांत वार्ताहर तिला गाठत, छायाचित्र घेत आणि ठरावीक प्रश्न विचारत. त्यांतला एक प्रश्न यजमानांविषयी असे. आपण विधवा आहोत, एवढेच उत्तर एमा गेटवूड देत आणि वार्ताहर तेवढेच टिपून घेत. हे उत्तर खरे नव्हते. त्यांचे पती त्या वेळी हयात होते आणि पुढेही अनेक वर्षे जगले. संसारातल्या ज्या हकिगती एमा यांनी वार्ताहरांपासून लपवल्या, त्या कळल्याखेरीज त्यांच्या चालण्याचा उलगडा होत नाही.

एमा रोवेना कॉल्डवेल यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी ओहायो राज्याच्या दक्षिण भागातील गॅलिया काउंटीत झाला. ओहायो नदीच्या काठचा हा टेकड्यांचा, शेतकऱ्यांचा मुलूख. वडील ह्यू कॉल्डवेल यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले होते आणि त्या लढाईतील जखमेपायी त्यांचा एक पाय कापावा लागला होता. पुढे ते दारू आणि जुगार यांच्या आहारी गेले. पंधरा मुलांचा भार आईवर पडला. लाकडी ओंडक्यांच्या घरात एकेका बिछान्यावर चार-चार भावंडे झोपत. एमाचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. पण वाचनाची गोडी लागली ती कायमची. विश्वकोश, ग्रीक अभिजात ग्रंथ असे जे हाती येईल ते ती वाचत असे. त्याच्याच जोडीला रानाचे शिक्षणही चालू होते. कोणती पाने खाता येतात, कोणती मुळी कोणत्या दुखण्यावर चालते, हे तिला लहानपणीच उमगू लागले. शेतकऱ्याच्या घरात अशा ज्ञानाचे कौतुक फारसे कोणी करत नाही. साठ वर्षांनंतर मात्र तेच तिच्या उपयोगी पडले.

५ मे १९०७ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचा विवाह पेरी क्लेटन गेटवूड यांच्याशी झाला. ते सत्तावीस वर्षांचे, शिकलेले, प्राथमिक शाळेतले शिक्षक. पुढे ते तंबाखूची शेती करू लागले. बाहेरच्या जगाला हे स्थळ उत्तमच वाटले असणार. लग्नानंतर काही काळातच त्यांचा हात उठू लागला. घरकाम, कुंपण घालणे, तंबाखूच्या वाफ्यांची मशागत, एकापाठोपाठ एक बाळंतपणे आणि या सगळ्याच्या मध्ये मारहाण, असा संसार तीन दशकांहून अधिक काळ चालला. पुढील दोन दशकांत अकरा मुले झाली. कित्येकदा मार इतका असे, की जिवावरच बेतावे. पतीचा राग चढला, की एमा संधी साधून घराबाहेर पडत आणि रानात निघून जात. तेथे झाडांमध्ये काही वेळ बसून राहत, मन शांत झाले की घरी परतत आणि चुलीपाशी उभ्या राहत. रानात आपल्याला कोणी हात लावत नाही, हा अनुभव त्यांच्या मनात वर्षानुवर्षे साठत गेला.

१९३७ साली त्यांनी घर सोडले आणि कॅलिफोर्नियात आपल्या नातलगांकडे आश्रय घेतला. धाकट्या दोन मुली मात्र मागे राहिल्या होत्या. मुलींना पत्रे पाठवताना त्या पाकिटावर आपला पत्ता लिहीत नसत. मुलींच्या ओढीने त्या परतल्या आणि जुने दिवस पुन्हा सुरू झाले. पती त्यांना वेडी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याची धमकी देत. त्या काळात पतीने मनावर घेतले असते तर ते अवघडही नव्हते. १९३९ मध्ये कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात राहत असताना गोष्ट टोकाला गेली. मारहाणीत एमा यांचे दात तुटले, बरगडीला तडा गेला. त्या दिवशी त्यांनी प्रतिकार केला. हाताला लागलेली पिठाची पिशवी पतीच्या अंगावर फेकली. पोलीस आले आणि त्यांनी अटक केली ती एमा यांनाच. रात्र मिल्टन गावच्या कोठडीत गेली. त्या गावच्या महापौराने त्यांचा सुजलेला, रक्ताळलेला चेहरा पाहिला, तेव्हा त्याने त्यांना कोठडीतून सोडवून स्वतःच्या घरी नेले. कायद्याच्या यंत्रणेतला तो पहिला माणूस, ज्याने मार खाणारे कोण आणि मारणारे कोण हे नीट पाहिले. एमा यांनी घटस्फोटासाठी अर्ज केला आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये तो मंजूर झाला. चौतीस वर्षांचा संसार तेथे संपला.

त्यानंतरची वर्षे त्यांनी उरलेली मुले मोठी करण्यात आणि मिळतील ती कामे करण्यात घालवली. मुले आपापल्या मार्गाला लागली. एके दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसल्या असताना त्यांच्या हाती 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाचा ऑगस्ट १९४९ चा अंक आला. त्यात अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवर सचित्र लेख होता. बेंटन मकाय या वननिरीक्षक आणि नियोजनकाराने १९२१ मध्ये या वाटेची कल्पना मांडली होती. पूर्व किनाऱ्याला साधारण समांतर जाणाऱ्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या माथ्यावरून, चौदा राज्यांतून जाणारी ही सलग पायवाट गिर्यारोहण मंडळांच्या स्वयंसेवकांनी कुऱ्हाडी-फावडी घेऊन आखली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. त्या काळी तिची लांबी सुमारे २,०५० मैल, म्हणजे जवळपास ३,३०० किलोमीटर होती. तुकड्यातुकड्याने ती चालणारे पुष्कळ होते. एकाच मोसमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सलग चालून जाणे शक्य आहे, हे दाखवले महायुद्धावरून परतलेल्या अर्ल शेफर या तरुणाने, १९४८ साली. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत असे करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. एकटीने चाललेली बाई त्यांत एकही नव्हती. १९५२ मध्ये मिल्ड्रेड नॉर्मन ही महिला या वाटेवरून गेली होती, पण तिच्यासोबत एक सहप्रवासी होता.

त्या लेखात वाटेचे वर्णन मोठे मोहक होते. रुंद, सुबक पायवाट, जागोजागी खुणा, एक दिवसाच्या चालीवर निवारे. एमा यांनी तो लेख मनात जपून ठेवला आणि कोणाला काही सांगितले नाही.

जुलै १९५४ मध्ये त्या पहिल्यांदा निघाल्या, त्या उत्तरेकडून. मेन राज्यातील कटाडिन शिखरावर चढून दक्षिणेला चालायचे, असा त्यांचा बेत. अमेरिकेतील सर्वांत निर्मनुष्य अरण्यांपैकी एका अरण्यात प्रवासाचा आरंभ करणे हीच मुळात चूक होती. थोड्याच दिवसांत त्या वाट चुकल्या. चष्मा पायाखाली येऊन फुटला. शिधा संपला. चुकलेली वाट शोधत त्या भटकत राहिल्या आणि अखेर रेनबो लेक या तळ्याच्या परिसरात वनरक्षकांना सापडल्या. वनरक्षकांनी त्यांना सरळ घरी जाण्याचा सल्ला दिला. त्या घरी गेल्या. आपण कोठे गेलो होतो, हे मुलांनाही कळू दिले नाही. एखादीने ते प्रकरण तेथेच मिटवले असते. एमा यांनी त्यातून दोन धडे घेतले: दक्षिणेकडून निघायचे आणि आधी पाय तयार करायचे. त्या हिवाळ्यात डेटन शहरात मुलाकडे राहताना त्या घराभोवतीच्या रस्त्यांवर चालू लागल्या. रोज थोडे अधिक, असे करत त्या दिवसाला दहा मैलांवर आल्या. घरच्यांना ती म्हातारपणातली प्रकृतीची काळजी वाटली असावी.

३ मे १९५५ रोजी त्या जॉर्जियातील माउंट ओगलथॉर्प येथे पोहोचल्या. तेव्हा ट्रेलचे दक्षिण टोक तेथे होते. १९५८ पासून ते स्प्रिंगर माउंटनवर आले. मुलांना त्यांनी सांगितले होते ते एवढेच, की जरा फिरायला जाते आहे. सोबतचे सामान पाहिले तर आजच्या गिर्यारोहकाला हसू यावे किंवा हेवा वाटावा. पाठीवर सॅक नाही, तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, नकाशा नाही. जाड सुती डेनिमच्या कापडाची स्वतः शिवलेली एक पिशवी, ती एका खांद्यावर टाकायची. तीत घोंगडी, पावसाळी कोट, न्हाणीघरात लावतात तो प्लॅस्टिकचा पडदा, चाकू, विजेरी, जखमेवरच्या पट्ट्या आणि आयोडीन, सॉसेजचे लहान डबे, मनुका, शेंगदाणे, सुक्या रश्श्याच्या वड्या आणि एक छोटी वही. सगळे मिळून वजन क्वचितच वीस पौंडांवर जाई. अवजड सामान टाळून हलके चालण्याचा जो पंथ पुढे गिर्यारोहणात रूढ झाला, त्याचे पूर्वसूरी म्हणून एमा यांचे नाव घेतले जाते. त्यात तथ्य आहे. पण त्यांनी कोणताही सिद्धान्त मांडला नव्हता. शेतावरची बाई दूरच्या कामाला जाताना जेवढे घेईल तेवढेच त्यांनी घेतले होते. न्हाणीघराचा पडदा पावसात छत होई, ओल्या जमिनीवर अंथरूण होई, आणि तो तंबूच्या शतांश किमतीत येत असे.

त्यांचा दिवस पहाटे सुरू होई. उजाडता उजाडता घोंगडी गुंडाळायची, थंड असेल ते खायचे आणि पिशवी उचलायची. चूल पेटवून न्याहारी करण्यात त्या वेळ दवडत नसत. झाडांच्या बुंध्यांवर आणि खडकांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढऱ्या रंगाचे पट्टे रंगवलेले असत; त्या खुणा शोधत जायचे, एवढेच नकाशाचे काम. ही वाट डोंगराला वळसा घालून जात नाही. समोर शिखर आले की ती बहुधा त्याच्या माथ्यावर चढते, पलीकडे खिंडीत उतरते आणि पुन्हा पुढच्या माथ्याला लागते. त्यामुळे नकाशावरचे चौदा मैल पायांना वीस वाटतात. एमा यांची एकूण सरासरी दिवसाला चौदा मैल पडली. म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटर, आणि तेही पाच महिने. वाटेत झरा दिसला की पाणी, बोरे-बेरी दिसल्या की मूठभर, ओळखीची रानभाजी दिसली की तीही. गॅलिया काउंटीच्या रानात शिकलेले येथे कामाला येत होते. कॅनव्हासच्या बुटांचे तळ खडकांवर झिजून जात. त्या प्रवासात त्यांनी सहा-सात जोड झिजवले. रबरी तळाचे हे स्वस्त बूट वाटेवरच्या कोणत्याही गावात मिळत, हा त्यांचा मोठा गुण.

दुपार कलली की मुक्कामाचा विचार सुरू होई. ट्रेलवर तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडे असे ओंडक्यांचे निवारे बांधलेले असत. पण कुठे ते मोडलेले, कुठे जळालेले, कुठे साळिंदरांनी कुरतडलेले. अशा वेळी वाळक्या पानांचा ढीग करून त्यावर घोंगडी पसरायची. थंडीच्या रात्री त्या लहानशी शेकोटी करून सपाट दगड तापवत आणि त्या दगडांवर झोपत. अंधार पडण्यापूर्वी वहीत त्या दिवसाची नोंद होई: हवा कशी होती, किती चाललो, काय खाल्ले, कोण भेटले. साप, भटकी कुत्री, रात्री आसपास खुडखुडणारी जनावरे यांचे त्यांना भय नव्हते असे नाही. पण तीन दशके ज्या भीतीत त्या जगल्या होत्या, तिच्यापुढे हे सगळे किरकोळ असणार. रॅटलस्नेक हातातल्या काठीने बाजूला करता येतो, एवढा साधा हिशेब होता.

वाटेवर घर दिसले की त्या दार वाजवून रात्रीपुरती जागा मागत. कोणी गरम जेवण, अंघोळीचे पाणी आणि स्वच्छ बिछाना देई. कोणी ओसरीवरचा झोपाळा दाखवी. कोणी दारातूनच परत पाठवी. धुळीने माखलेली, विस्कटलेल्या केसांची ही म्हातारी भटकी भिकारीण आहे, असा समज होणे स्वाभाविक होते. दार बंद झाले की त्या मुकाट्याने पुढे जात आणि झाडाखाली पडदा पसरत. गरज पडेल तेव्हा माणसांत जाण्यासाठी पिशवीत एक नीटनेटका पोशाखही असे. व्हर्जिनियात पोहोचेपर्यंत वार्ताहरांना त्यांचा सुगावा लागला. जूनमध्ये रोनोकच्या वृत्तपत्रात बातमी आली, ती वृत्तसंस्थांनी उचलली आणि ऑगस्टमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाने त्यांच्यावर लेख छापला. मुलांना आई कोठे आहे याचा तपशील कळला तो असा. गंमत म्हणजे त्यांनाही फारसे आश्चर्य वाटले नाही. आई एकदा ठरवते ते करते, हे अकराही जणांना ठाऊक होते.

ऑगस्टच्या मध्यावर आठवड्याच्या अंतराने 'कॉनी' आणि 'डायन' ही दोन चक्रीवादळे पूर्व किनाऱ्यावर आली. डायनने कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियात अभूतपूर्व पूर आणला आणि जवळजवळ दोनशे माणसे दगावली. या दिवसांत एमा न्यू इंग्लंडच्या डोंगरांत होत्या. पायवाटेचे ओढे झाले, कपडे दिवसेंदिवस वाळेनात. व्हरमाँट राज्यात क्लॅरेंडन नावाच्या घळीपाशी त्या आल्या, तेव्हा तेथे पूल नव्हता आणि खाली पाणी फेसाळत होते. एकटीने उतरणे म्हणजे मरण, हे त्यांनी ओळखले आणि त्या काठावर थांबल्या. त्यांच्या साहसाची वर्णने करताना हे थांबणे सहसा सांगितले जात नाही. पण त्यांच्या धाडसात किती व्यवहार होता हे येथे दिसते. काही वेळाने नौदलातील दोन तरुण तेथे पोहोचले. तिघांनी एकमेकांना दोरीने बांधले, एमा मध्ये आणि पुढे-मागे एकेक जवान, आणि त्या पाण्यातून एकेक पाऊल टाकत पैलतीर गाठला. पोहोचल्यावर त्यांनी ओले कपडे पिळले आणि चाल पुन्हा सुरू केली.

व्हरमाँटनंतर न्यू हॅम्पशायरचे व्हाइट माउंटन्स आणि त्यापुढे मेन. जॉर्जियातून निघालेला पांथस्थ येथे थकून आलेला असतो आणि नेमका याच ठिकाणी डोंगर अधिक उघडा, अधिक खडकाळ होतो. झाडांची रेषा सुटली की माथ्यावर वारा अंगावर येतो. सप्टेंबरमध्ये हवेत गारठा भरला होता. केनबेक नदी पूल नसल्याने नावेतून ओलांडावी लागली. मग पुढे रेनबो लेकचा परिसर आला. चौदा महिन्यांपूर्वी वनरक्षकांनी त्यांना जेथून परत पाठवले होते, तोच. या खेपेस त्या तेथून वाट न चुकता पुढे गेल्या.

कटाडिन शिखराची उंची सुमारे ५,२७० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून किंचित कमीच. पण अक्षांश उत्तरेचा असल्याने त्याचा माथा उजाड खडकांचा आणि हवा बेभरवशाची. २५ सप्टेंबर १९५५ रोजी सकाळी त्या पायथ्यापासून निघाल्या. जवळ होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवले होते. पाय दुखावला होता, चाल लंगडी झाली होती. वरच्या टप्प्यात हातांनी धरून चढायचे मोठाले धोंडे लागतात. ते ओलांडत दुपारपर्यंत त्या माथ्यावर पोहोचल्या. अट्ठावन्न वर्षांची होईतो जिला रात्रभर निर्धास्त झोप क्वचितच लाभली असेल असे म्हणावे, तर हिशेब चुकेल, कारण सुटका त्रेपन्नाव्या वर्षी झाली होती; पण सुटका आणि हा माथा यांत चौदा वर्षे गेली होती, एवढे खरे. तेथे ठेवलेल्या नोंदवहीत त्यांनी नाव लिहिले, देशभक्तिपर 'अमेरिका द ब्यूटिफुल' या गीताचे पहिले कडवे एकटीनेच म्हटले आणि खाली उतरायला सुरुवात केली. १४६ दिवस लागले होते. संपूर्ण अ‍ॅपलाचियन ट्रेल एकाच मोसमात एकटीने चालणारी ती पहिली स्त्री ठरली.

वार्ताहरांना आता भावपूर्ण उद्गार हवे होते. एमा यांनी तक्रारींचा पाढा वाचला. मासिकातल्या लेखाने आपली फसवणूक केली, असे त्यांचे स्पष्ट मत होते. पडलेली झाडे, पुसट झालेल्या खुणा, काटेरी झुडपांनी गिळलेली वाट, मोडके निवारे. असे असते हे ठाऊक असते तर आपण निघालोच नसतो, असे त्यांनी सांगितले. निघाल्यावर मात्र सोडून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. या तक्रारी देशभर छापून आल्या आणि काही भागांतील मंडळांनी वाटेची साफसफाई मनावर घेतली. एमा यांनीच ट्रेल वाचवला, असे पुढे म्हटले जाऊ लागले, त्यात अतिशयोक्ती आहे. ट्रेल राखला तो हजारो स्वयंसेवकांनी आणि १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट कायद्याने. त्याकडे सामान्य माणसाचे लक्ष वेधले, हे श्रेय मात्र निःसंशय या आजींचे. तरुण, काटक पुरुषांचा खेळ मानल्या गेलेल्या गोष्टीत एक आजी उतरते आणि पारही पडते, हे पाहून अनेकांची सबब संपली.

दूरचित्रवाणीवर 'टुडे' आणि विनोदवीर ग्राउचो मार्क्सच्या कार्यक्रमात त्या झळकल्या. 'ग्रँडमा गेटवूड' हे नाव घरोघरी पोहोचले. गोड, हजरजबाबी, थोडी विक्षिप्त आजी अशी त्यांची प्रतिमा तयार झाली आणि त्यांनीही ती मोडली नाही. का चाललात, या प्रश्नाला त्या दर वेळी वेगळे आणि बहुधा थट्टेचे उत्तर देत. खरे उत्तर लोकांसमोर मांडायची त्यांची इच्छा नव्हती. विधवा असल्याचे सांगणेही त्यातलेच. घटस्फोटिता म्हटले असते तर पुढचे प्रश्न आले असते.

१९५७ मध्ये त्या पुन्हा त्याच वाटेवर निघाल्या आणि १४२ दिवसांत ती पूर्ण केली. संपूर्ण ट्रेल दोनदा चालणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती. येथे स्त्री-पुरुष असा भेद करण्याचे कारण उरले नाही. तिसऱ्यांदा त्यांनी तुकड्यातुकड्याने चालून १९६४ मध्ये वाट पूर्ण केली. दरम्यान १९५९ मध्ये ओरेगन राज्याच्या शताब्दीनिमित्त जुन्या ओरेगन मार्गावरून घोडागाड्यांचा एक तांडा निघणार होता. तांड्यापाठोपाठ काही दिवसांनी एमा मिसुरीतील इंडिपेंडन्स गावाहून निघाल्या, वाटेत तांड्याला मागे टाकले आणि सुमारे दोन हजार मैल चालून ९५ दिवसांत पोर्टलंडला पोहोचल्या. त्या वेळी त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. हा प्रवास बहुतांशी मोटाररस्त्याच्या कडेने, रणरणत्या उन्हातून झाला. वाटभर मोटारी थांबत, लोक छायाचित्रे काढत, सह्या मागत. या गर्दीचा त्यांना मनस्वी कंटाळा आला. डोंगरात जे मिळे ते येथे नव्हते.

प्रसिद्धीनंतरची त्यांची खरी कामगिरी आपल्या मुलखात झाली आणि तिची चर्चा कमी होते. १९५९ मध्ये ओहायोत 'बकाय ट्रेल' ही राज्यव्यापी पायवाट आखण्यासाठी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापक सदस्यांत एमा होत्या. हॉकिंग हिल्स भागातील वालुकाश्माच्या घळी आणि धबधबे त्यांना विशेष प्रिय. तेथे दर जानेवारीत बर्फातून निघणाऱ्या पदभ्रमणात त्या पुढे चालत. ऐंशी ओलांडल्यावरही गॅलिया काउंटीत त्या स्वतः झुडपे तोडत, खुणा रंगवत नवी वाट तयार करत होत्या. उपजीविकेसाठी चेशायर गावात फिरत्या घरांचा एक छोटा तळ चालवत आणि त्याची डागडुजीही स्वतःच करत. पेरी गेटवूड यांचे निधन १९६८ मध्ये झाले. तेरा वर्षांपूर्वी वार्ताहरांना दिलेले उत्तर आता निदान अर्धे खरे ठरले होते. पण तोवर तो प्रश्न विचारणारे कोणी राहिले नव्हते.

४ जून १९७३ रोजी गॅलिपोलिस येथे, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी एमा गेटवूड यांचे निधन झाले. त्यांच्या संसाराची हकिगत लोकांना सविस्तर कळली ती त्यानंतर चार दशकांनी. बेन माँटगोमेरी या पत्रकाराने त्यांच्या रोजनिशा, पत्रे आणि मुलांच्या आठवणी यांच्या आधारे लिहिलेले चरित्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आईने हे सारे जगापासून झाकून ठेवले होते, ते मुलांनी, तेही म्हातारपणी, सांगितले. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१२ मध्ये, अ‍ॅपलाचियन ट्रेलच्या मानकरी मंडळात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला होता. हॉकिंग हिल्समधील ओल्ड मॅन्स केव्हपासून सीडर फॉल्समार्गे अ‍ॅश केव्हपर्यंतच्या सहा मैलांच्या वाटेला त्यांचे नाव आहे; १९७९ मध्ये तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला. जानेवारीतले बर्फातले पदभ्रमण त्यांच्यानंतरही चालू राहिले आणि हजारो माणसे त्यात चालत आली आहेत.